मोटारघरातील नोंदयंत्र: वीज गेली की फ्लॅशवरील फाइल नाहीशा का होतात?

प्रश्न
पऱ्हाटी (वरुड तालुका)

नमस्कार मंडळी. आमच्या गावातील संत्रा उत्पादकांनी मिळून बागांमध्ये मातीचा ओलावा आणि तापमान मोजणारे सेन्सर बसवले आहेत. त्यांची माहिती मोटारघरातील एका लहान राउटरवर जमा होते आणि दर १५ मिनिटांनी त्या दिवसाच्या फाइलमध्ये एक ओळ लिहिली जाते. जुना राउटर यंदा पावसाळ्यानंतर बदलावा लागला. त्यात १६ एमबीची नॉर प्रकारची फ्लॅश (वीज गेली तरी माहिती टिकवणारी साठवण चिप), कंपनीचेच फर्मवेअर आणि जेएफएफएस२ ही फाइल सिस्टीम (चिपवर फाइल मांडून ठेवण्याची पद्धत) होती. नव्या राउटरमध्ये १२८ एमबीची नँड प्रकारची फ्लॅश असून त्यावर ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीचे लिनक्सवर आधारित फर्मवेअर) टाकलेले आहे, आणि बूटच्या वेळच्या संदेशांत यूबीआयएफएस असे फाइल सिस्टीमचे नाव दिसते. नोंदी लिहिणारा सी भाषेतील छोटा प्रोग्राम तोच आहे. नव्या राउटरसाठी तो फक्त पुन्हा कंपाइल केला.

अडचण अशी की वीज जाऊन परत आली की त्या दिवसाच्या नोंदींची फाइल जागेवर नसते. शिवाय ठिबकच्या व्हॉल्व्हच्या वेळा ज्या सेटिंग फाइलमध्ये आहेत, ती फाइल नावापुरती उरते आणि तिचा आकार शून्य बाइट दाखवतो; मात्र हे दरवेळी होत नाही. वीज जाण्यापूर्वी मी मोबाइलवरून राउटरमध्ये शिरून दोन्ही फाइल उघडून पाहिल्या आहेत आणि त्यांतील आकडे बरोबर होते. आमच्या कृषी फीडरवर थ्री फेज येताना आणि जाताना पुरवठा क्षणभर तुटतो, त्यामुळे हा प्रकार रोजचाच झाला आहे. सध्या आंबिया बहाराचा ताण (फुले यावीत म्हणून पाणी तोडण्याचा काळ) सुरू आहे आणि ताण केव्हा तोडायचा हे ओलाव्याचा आलेख पाहून ठरवायचे असते, तेव्हा रात्रीच्या नोंदी गेल्या की सगळे अंदाजावर येते. यंत्र बसवून देणाऱ्यांचे म्हणणे आहे की फ्लॅशची चिप खराब आहे आणि पूर्ण राउटर बदलावा लागेल. पैसे मोजण्यापूर्वी खरे कारण समजून घ्यावे, म्हणून येथे विचारतो आहे.


उत्तर
वर्धाकाठ (आर्वी)

पऱ्हाटी भाऊ, चिपवर आळ घेण्याआधी एक साधी चाचणी करावी. नोंदी झाल्यानंतर वीज न तोडता राउटरला रीबूटची कमांड द्या आणि कोणत्या फाइल टिकल्या, कोणत्या गेल्या ते पाहा. त्यानंतर तीच चाचणी प्लग उपटून करा. सरळ रीबूटमध्येही जी फाइल जाते ती फ्लॅशवर कधी पोहोचलेलीच नसते. ती रॅममधील, म्हणजे वीज गेली की रिकाम्या होणाऱ्या स्मृतीतील, फोल्डरमध्ये असते. सरळ रीबूटमध्ये टिकणारी आणि फक्त वीज गेल्यावर जाणारी फाइल मात्र फ्लॅशच्या वाटेवर असताना अडकलेली असते. ही दोन दुखणी वेगवेगळी आहेत, त्यांचे उपायही वेगळे आहेत, आणि दोन्ही एकाच राउटरमध्ये एकत्र असू शकतात.

त्याबरोबर डीएफ कमांडचे (कोणता फोल्डर कोठे साठवला आहे ते ही कमांड दाखवते) उत्तरही येथे द्या. मूळ फोल्डरच्या ओळीत ‘ओव्हरलेएफएस’ या शब्दापुढे ‘/ओव्हरले’ असेल तर ठीक. त्याऐवजी ‘/टीएमपी/रूट’ असे दिसले तर राउटरला फ्लॅशवरील लिहिता येणारा भाग सापडलेला नाही आणि त्याने तात्पुरता रॅममध्येच संसार थाटला आहे, असे समजा. त्या अवस्थेत आपण जे काही बदलाल ते पुढच्या रीबूटला जाणारच.

आणखी एक गोष्ट नोंदवून ठेवतो. ‘वीज जाण्यापूर्वी फाइल उघडून पाहिली, आकडे बरोबर होते’ हा पुरावा येथे चालत नाही. लिनक्स नुकतीच लिहिलेली फाइल वाचताना ती रॅममधील कॅशमधूनच देतो, फ्लॅशपर्यंत जात नाही. म्हणून फ्लॅशवर एक अक्षरही उतरलेले नसले तरी फाइल जशीच्या तशी दिसते.


उत्तर
हिरवा_एलईडी (पुसद)

आमच्याकडे असाच त्रास होता. क्रॉनमध्ये (ठरलेल्या वेळी कामे चालवणारी सोय) दर मिनिटाला सिंक कमांड (रॅममधील माहिती फ्लॅशवर ढकलणारी) टाकली आणि त्रास थांबला. फार खोलात जाण्याची गरज नाही असे मला वाटते.


पऱ्हाटी (वरुड तालुका)

वर्धाकाठ दादा, आपण सांगितल्याप्रमाणे दोन्ही चाचण्या केल्या. सरळ रीबूट केल्यावर सेटिंगची फाइल टिकते, पण नोंदींची फाइल त्या वेळीही जाते. प्लग उपटल्यावर नोंदींची फाइल जातेच, आणि सेटिंग नुकतीच बदललेली असेल तर ती फाइल शून्य बाइटची होते. सेटिंग बदलून बराच वेळ झालेला असेल तर तिला काही होत नाही.

डीएफमध्ये मूळ फोल्डरपुढे ‘ओव्हरलेएफएस:/ओव्हरले’ असेच आहे. नोंदी ‘/व्हार/नोंदी’ या फोल्डरमध्ये जातात आणि सेटिंगची फाइल ‘/ईटीसी’मध्ये आहे. प्लग उपटून पुन्हा लावल्यानंतर कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) संदेशांत यूबीआयएफएसच्या नावाने ‘रिकव्हरी नीडेड’ आणि त्याखाली ‘रिकव्हरी कम्प्लीटेड’ अशा ओळी येतात. याच ओळी दाखवून मला चिप खराब असल्याचे सांगण्यात आले होते.


उत्तर
जुना_कर्नल (नागपूर)

निदान यातच आहे. चिप बदलू नका.

‘रिकव्हरी नीडेड’ याचा अर्थ मागच्या वेळी फाइल सिस्टीम नीट बंद झाली नव्हती, इतकाच आहे. यूबीआयएफएसमध्ये जर्नल, म्हणजे बदलांची नोंदवही, असते. वीज अचानक गेली तर पुढच्या माउंटच्या (फाइल सिस्टीम जोडून घेण्याच्या) वेळी ती जर्नल वाचून घडी बसवते आणि ‘रिकव्हरी कम्प्लीटेड’ म्हणते. हे ठणठणीत चिपवरही दरवेळी दिसते. चिपमध्ये खरोखर दोष असेल तर त्याखालच्या यूबीआय या थराकडून वाचन-लेखनाच्या चुकांचे संदेश येतात. एखादा ब्लॉक ‘बॅड’ म्हणून बाजूला काढला गेला, तरी नँडमध्ये तेही नेहमीचेच आहे, कारण काही बॅड ब्लॉक कारखान्यातूनच येतात आणि यूबीआय त्यांना वगळून चालते.

प्रथम नोंदींची फाइल. ओपनडब्ल्यूआरटीमध्ये ‘/व्हार’ हा खरा फोल्डर नाही; तो ‘/टीएमपी’कडे बोट दाखवणारा दुवा आहे, आणि ‘/टीएमपी’ ही टीएमपीएफएस म्हणजे निव्वळ रॅम आहे. लॉगसारख्या सतत लिहिल्या जाणाऱ्या गोष्टींनी फ्लॅश झिजू नये म्हणून ही रचना मुद्दाम केलेली आहे. आपल्या जुन्या राउटरच्या फर्मवेअरमध्ये ‘/व्हार’ फ्लॅशवर असला पाहिजे, म्हणून तोच प्रोग्राम तेथे चालला. डीएफमध्ये ‘/टीएमपी’ची ओळ पाहा; तेथे टीएमपीएफएस असे लिहिलेले असेल आणि आकार राउटरच्या रॅमच्या निम्म्याच्या आसपास असेल. उपाय एका ओळीचा आहे: मूळ फोल्डरखाली ‘/नोंदी’ असा नवा फोल्डर करा आणि प्रोग्राममध्ये तो मार्ग द्या. हिरवा_एलईडी यांच्या सिंकचा या भागाला काडीचा उपयोग नाही, कारण टीएमपीएफएसच्या मागे फ्लॅशच नाही. सिंकने ढकलायचे तरी कोठे?

सेटिंगच्या फाइलची कथा अधिक गुंतागुंतीची आहे, आणि जुन्या राउटरवर सुरळीत चाललेले प्रोग्राम नव्यावर आल्यावर नेमके येथेच ठेचकाळतात. जेएफएफएस२ ही २००१ साली रेड हॅटमध्ये तयार झालेली फाइल सिस्टीम आहे. नॉर फ्लॅशवर ती प्रोग्रामने लिहिलेली माहिती थेट फ्लॅशवर उतरवते. प्रोग्रामचा राइट कॉल परत आला म्हणजे काम झाले, असे तेथे बऱ्याच अंशी धरता येते. यूबीआयएफएस २००८ साली लिनक्सच्या २.६.२७ या आवृत्तीत आली. नोकियाच्या अभियंत्यांनी ती हंगेरीतील सेगेड विद्यापीठाच्या साहाय्याने तयार केली. ती मोठ्या नँडसाठी आहे आणि वेग साधण्यासाठी लिहिलेली माहिती आधी रॅममध्ये ठेवून मागाहून फ्लॅशवर नेते. लिनक्सच्या नेहमीच्या मांडणीत अशी माहिती ३० सेकंद जुनी झाली की ती लिहिण्यास पात्र ठरते, आणि ती उचलणारा कर्नलचा धागा (पडद्यामागे चालणारे काम) दर ५ सेकंदांनी जागा होतो. त्यात यूबीआयएफएसच्या स्वतःच्या राइट बफरचे आणखी काही सेकंद मिळवा. अडत्याने आवक कच्च्या चिठ्ठीवर टिपून ठेवावी आणि खातेवहीत सवडीने उतरवावी, तसा हा व्यवहार आहे. सेटिंग बदलून बराच वेळ झाला असेल तर फाइलला काही होत नाही, हे जे आपण पाहिले, त्याचे कारण हेच.

पण मग नवी सेटिंग हरवून जुनी उरायला हवी होती. फाइल शून्य बाइटची का होते? कारण प्रोग्राम ती ‘डब्ल्यू’ या मोडमध्ये उघडतो. त्या मोडमध्ये फाइल उघडताक्षणी जुना मजकूर कापला जातो. हे कापणे आणि नवा मजकूर लिहिणे या फाइल सिस्टीमच्या दृष्टीने दोन स्वतंत्र घटना आहेत. पहिली जर्नलमध्ये पोहोचली आणि दुसरी रॅममध्ये असतानाच वीज गेली, तर नाव शाबूत आणि पोट रिकामे अशी फाइल मागे उरते. यूबीआयएफएसने येथे कोणताही नियम मोडलेला नाही. एफक्लोजने फाइल बंद केली म्हणजे ती फ्लॅशवर गेली, असे वचन कोणीच दिलेले नसते. एफफ्लश हे प्रोग्रामच्या बफरमधील मजकूर कर्नलपर्यंत नेते. कर्नलपासून फ्लॅशपर्यंत लगेच नेण्याचे काम यांपैकी फक्त एफसिंक करते.

म्हणून सेटिंग लिहिण्याची रीत अशी ठेवावी. ‘/ईटीसी’मध्येच वेगळ्या नावाची तात्पुरती फाइल उघडावी, तिच्यात पूर्ण मजकूर लिहावा, एफफ्लश करून तिच्यावर एफसिंक करावे, आणि त्यानंतर रीनेम करून तिला मूळ नाव द्यावे. शेवटी ‘/ईटीसी’ हा फोल्डर उघडून त्यावरही एफसिंक करावे, म्हणजे नावातील बदलही पक्का होतो. रीनेम अखंड असते: वीज कोणत्याही क्षणी गेली तरी एकतर जुनी फाइल पूर्ण मिळते किंवा नवी पूर्ण मिळते, मधली अवस्था नसते. मात्र तात्पुरती फाइल त्याच फोल्डरमध्ये हवी. पुष्कळ जण सवयीने ती ‘/टीएमपी’मध्ये करतात आणि एमव्ही कमांडने हलवतात. त्या दोन जागा वेगवेगळ्या फाइल सिस्टीमवर असल्यामुळे एमव्ही तेथे रीनेम करूच शकत नाही. ती गुपचूप नक्कल करते आणि मूळ फाइल पुसते. म्हणजे पुन्हा तेच अर्धवट लेखन. एफसिंक वगळून नुसते रीनेम करणेही घातक आहे, कारण नाव आधी बदलले आणि मजकूर मागे राहिला तर शून्य बाइट पुन्हा दारात उभा राहतो.

नोंदींच्या फाइलला इतका खटाटोप नको. ती ‘ए’ मोडमध्ये उघडून शेवटी ओळ जोडावी, एफफ्लश आणि एफसिंक करावे. दिवसाची नवी फाइल तयार होईल तेव्हा एकदा फोल्डरवरही एफसिंक करावे.


उत्तर
हिरवा_एलईडी (पुसद)

दर नोंदीला एफसिंक केले तर फ्लॅश लवकर झिजणार नाही का? याच भीतीने आम्ही मिनिटाला एकदा सिंक ठेवले होते. आणि पूर्ण फाइल सिस्टीमच सिंक पर्यायाने माउंट केली तर प्रोग्रामला हात लावण्याची गरजच उरत नाही, असेही वाचल्याचे आठवते.


उत्तर
जुना_कर्नल (नागपूर)

हिशेब करून पाहू. दर १५ मिनिटांनी एक नोंद म्हणजे दिवसाला ९६ एफसिंक. या आकाराच्या नँडमध्ये पान साधारणतः २ केबीचे आणि पुसण्याचा ब्लॉक १२८ केबीचा, म्हणजे ६४ पानांचा असतो. एका एफसिंकला सढळ हाताने पाच पाने धरली तर दिवसाला ४८० पाने, म्हणजे साडेसात ब्लॉक होतात. आपल्या फ्लॅशच्या लिहिता येणाऱ्या भागात ७०० ब्लॉक आहेत आणि प्रत्येक ब्लॉक ५०,००० वेळा पुसता येतो असे धरा. यूबीआय झीज सर्व ब्लॉकवर सारखी वाटत असल्यामुळे एकूण साडेतीन कोटी पुसण्या हाताशी येतात. आतल्या साफसफाईसाठी खर्च दहापट वाढवला तरी संत्र्याची बाग कितीतरी आधी म्हातारी होईल.

उलट आपली मिनिटाची सिंक दिवसाला १,४४० वेळा धावते, आणि तरीही दोन सिंकच्या मधल्या वेळेत वीज गेली तर शून्य बाइटची फाइल मिळू शकतेच. तिने धोका कमी होतो, जात नाही. आपल्याकडे त्रास थांबला याचे कारण सेटिंग क्वचित बदलत असावी, हे असू शकते.

सिंक पर्यायाने माउंट करणे यूबीआयएफएसला चालते. स्रोत (मूळ कोड) हाती नसलेला एखादा बंद प्रोग्राम असेल तर तो मार्ग धरावाही लागतो. पण त्याने ‘डब्ल्यू’ मोडमधील कापणे आणि लिहिणे यांच्यातील फट बुजत नाही. ती फक्त अरुंद होते. पऱ्हाटी भाऊंच्या हाती प्रोग्रामचा स्रोत आहे, तेव्हा दुरुस्ती प्रोग्राममध्येच झाली पाहिजे.


उत्तर
स्टार्टर_दुरुस्ती (काटोल)

मी संगणकाचा माणूस नाही, मोटारी आणि स्टार्टर दुरुस्त करतो. पण मोटारघराचा उल्लेख आला म्हणून लिहितो. स्टार्टरला ऑटो स्विच लावलेला असेल तर थ्री फेज येताच मोटार आपोआप उचलते आणि त्या क्षणी व्होल्टेज चांगलेच खाली बसते. त्याच लाइनवर राउटरचा ॲडॉप्टर असेल तर तो वीज आल्यावर सुरू होतो, मोटार उचलताना बंद पडतो आणि पुन्हा सुरू होतो. राउटर अर्धा सुरू झालेला असतानाच त्याला हा दुसरा झटका बसतो. आमच्या भागात ताण दिलेल्या बागेची मोटार बंद असली तरी त्याच विहिरीवर गहू-हरभरा असतो, त्यामुळे मोटार चालूच राहते. ऑटो स्विचमध्ये मोटार उशिरा सुरू करण्याचा टायमर असतो, तो दोन-तीन मिनिटांवर ठेवा. राउटरला १२ व्होल्टचा छोटा डीसी यूपीएसही मिळतो. त्याचे व्होल्टेज आणि पिन ॲडॉप्टरवरील छापील आकड्यांशी जुळवून घ्यावी.


उत्तर
वर्धाकाठ (आर्वी)

स्टार्टर दुरुस्ती दादांनी लाखमोलाची गोष्ट सांगितली. यूपीएस अवश्य बसवा, परंतु तो बसवल्यामुळे एफसिंक टाळता येईल असे मात्र समजू नका. त्याची बॅटरी दोन उन्हाळ्यांनंतर मोटारघरातील पत्र्याखाली किती तग धरेल हे विदर्भात वेगळे सांगायला नको.


पऱ्हाटी (वरुड तालुका)

सर्वांचे आभार. प्रोग्राम दुरुस्त केला आणि नोंदी नव्या फोल्डरमध्ये नेल्या. सेटिंग बदलून लगेच प्लग उपटला तरी आता फाइल शाबूत राहते, आणि नोंदीही रीबूटनंतर जागेवर असतात. ऑटो स्विचचा टायमर शून्यावर होता, तो वाढवला.

परंतु एक नवीन प्रकार दिसला. रात्री वीज जाऊन पहाटे आली, तेव्हा इंटरनेट बराच वेळ बंद होते. त्यानंतर आजच्या फाइलमध्ये पहाटेच्या नोंदी नाहीत, आणि कालच्या फाइलच्या शेवटी संध्याकाळच्या वेळेच्या काही ओळी दुसऱ्यांदा आलेल्या आहेत, ज्यांतील ओलावा वेगळा आहे. हेही फ्लॅशचेच दुखणे आहे का?


उत्तर
जुना_कर्नल (नागपूर)

नाही, हे घड्याळाचे आहे. अशा राउटरमध्ये बहुधा बॅटरीवर चालणारे घड्याळ नसते. ओपनडब्ल्यूआरटी बूट होताना ‘/ईटीसी’मधील सर्वांत नव्या फाइलची वेळ हीच सध्याची वेळ असे धरून चालते आणि नेटवर्क मिळाल्यावर एनटीपीने (इंटरनेटवरून वेळ जुळवण्याच्या पद्धतीने) ती दुरुस्त करते. आपण काल संध्याकाळी सेटिंग बदलली असेल, तर इंटरनेट येईपर्यंत राउटरच्या लेखी काल संध्याकाळच चालू होती, आणि पहाटेच्या नोंदी कालच्या नावाच्या फाइलमध्ये गेल्या. ‘ए’ मोड ठेवला होता म्हणून त्या निदान शेवटी जोडल्या गेल्या. ‘डब्ल्यू’ असता तर कालचा पूर्ण दिवस पुसला गेला असता आणि आपण पुन्हा फ्लॅशला दोष देत बसलो असतो.

एनटीपीने वेळ जुळेपर्यंतच्या नोंदी ‘वेळ_न_जुळलेली’ अशा वेगळ्या फाइलमध्ये लिहा आणि प्रत्येक ओळीत बूट झाल्यापासूनचे सेकंद टाका. ‘/प्रॉक/अपटाइम’ या फाइलमधून ते मिळतात. वेळ जुळल्यावर ती ओळ केव्हाची हे साध्या वजाबाकीने काढता येते. मात्र त्यापूर्वीच वीज पुन्हा गेली तर त्या ओळींची खरी वेळ कळणार नाही, म्हणून प्रत्येक बूटला नवा क्रमांक देऊन तोही ओळीत ठेवा.


पऱ्हाटी (वरुड तालुका)

होय, काल संध्याकाळीच व्हॉल्व्हच्या वेळा बदलल्या होत्या. आपण सांगितल्याप्रमाणे बदल करतो. एकच शेवटची शंका: पुढे फर्मवेअर अपडेट केले तर ‘/नोंदी’ फोल्डर टिकेल का?


उत्तर
वर्धाकाठ (आर्वी)

आपोआप टिकणार नाही. अपडेटच्या वेळी ‘सेटिंग ठेवा’ हा पर्याय निवडला तरी ठरलेल्या यादीतील फाइलच जपल्या जातात. ‘/ईटीसी’मधील ‘सिसअपग्रेड.कॉन्फ’ या फाइलमध्ये ‘/नोंदी’ आणि आपल्या प्रोग्रामचा मार्ग अशा दोन ओळी घाला. अपडेट चालू असताना या यादीतील सर्व फाइल रॅममध्ये बांधून ठेवल्या जातात, म्हणून साठलेल्या जुन्या नोंदी आधी लॅपटॉपवर उतरवून फोल्डर हलका करा. आणि अपडेट यूपीएस जोडलेला असताना, थ्री फेजची पाळी बदलण्याच्या वेळेपासून लांब करा. त्या काही मिनिटांत वीज गेली तर राउटर पुन्हा सुरू करण्यासाठी केबल घेऊन मोटारघरात बसावे लागेल.